उन्हाचा हिशेब

सल्ला देणे हा माझा जुना जोडधंदा. परवा शेजारचा आयटीआय झालेला वेल्डर पोरगा पासबुक भरून घ्यायला बँकेत आला आणि काउंटरवर वाकून म्हणाला, "काका, दुबई बरी की मस्कत?"

आता पाहा, बढती घेतली तर राजूरला बदली होईल, या धास्तीने मी पंधरा वर्षे क्लार्कच राहिलो. अकोल्याहून राजूर म्हणजे एसटीने तासाभराचा रस्ता! तरी पंख्याखाली बसून मी बजावले, "कुठेही जा, ऊन भाजून काढील."

"दुबईत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हातलं काम कायद्यानं बंद असतं. आमची आई एप्रिलात भर दुपारी कांदे काढते. तिला कुठला कायदा?"

मी गप्प. आपण जिला मातीची ओढ म्हणतो, ती पुष्कळदा बदलीची भीतीच असते की काय? मग मला कळते तेवढेच सांगितले, "एजंटाचं लायसन्स बघ. ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, याहून जास्त फी द्यायची नाही. पावती घे. आणि... परत येशील ना?"

"येईन की! राजूरइतकं लांब थोडंच आहे, काका?"