आईचे पासबुक

"आज ना उद्या ते आमच्याकडेच यायचे आहे, मग थोडे आधी घेतले तर बिघडले कुठे?" वृद्ध आईच्या बँकखात्यातून पैसे काढणारा मुलगा असे विचारतो, तेव्हा त्याच्या आवाजात चोराची चलबिचल नसते. त्याला मनापासून तसेच वाटत असते. म्हणून या प्रश्नाचा विचार न रागावता करावयास हवा.

कायद्याचे उत्तर सरळ आहे. महाराष्ट्रातील आपणा ख्रिस्ती लोकांस १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू आहे. त्यात जन्मतःच कोणास मायबापांच्या मालमत्तेत वाटा मिळत नाही. मृत्युपत्र नसेल तर त्यांच्या पश्चात मुलगे व मुली सारखेच वाटेकरी, लग्न होऊन गेलेली बहीणसुद्धा. तेव्हा 'आमचेच' म्हणणारा भाऊ बहुधा तिचाही घास गिळत असतो.

आम्हांस अधिक बोचते ती दुसरीच गोष्ट. वसईकडे वाड्यांना भाव आल्यापासून बक्षीसपत्रे आणि कुलमुखत्यारपत्रे घरोघरी दिसू लागली. त्यांवरचा अंगठा आईने राजीखुशीने दिला, असे सांगितले जाते. राजीखुशी म्हणजे काय? दोन वेळचे जेवण, औषधाची गोळी आणि रात्री शौचास नेणारा हात ज्याच्याकडे आहे, त्याला ती 'नाही' कशी म्हणणार? नकाराची मुभाच नसेल, तर त्या होकाराला नैतिक अर्थ उरत नाही.

सिराखचा ग्रंथ हे ओळखून आहे. पुत्र, पत्नी, बंधू वा मित्र, कोणालाही हयातीत आपल्यावर सत्ता देऊ नये आणि वाटणी अखेरच्या दिवसावर ठेवावी, असा त्याच्या ३३व्या अध्यायाचा आशय आहे. हे बोल संशयी वाटतील; आम्हांस त्यांत वृद्धांचा मान राखण्याची तजवीज दिसते. शुभवर्तमानातील विधवेने दोन नाणी टाकली, कारण ती तिची होती. आज मिस्सेत दानाची थैली पुढे आली की कित्येक आजीबाई सुनेच्या तोंडाकडे पाहतात. पेन्शन तर त्यांच्याच नावाची असते!

येथे आम्हां धर्मगुरूंनीही सावध असावे. मायबापांचे देणे 'कुर्बान' म्हणून देवाला वाहणाऱ्यांना प्रभूने कसे फटकारले, ते मार्कच्या ७व्या अध्यायात आहे. आईच्या औषधाचे पैसे देवळाच्या घंटेसाठी आले, तर ते परत करावेत.

सेवा करणाऱ्या मुलाने वा सुनेने आईचा खर्च आईच्या पैशांतून अवश्य करावा. हिशेबाची वही तेवढी उघडी ठेवावी. संयुक्त खाते 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' असेल तर मुलगा एकटाच पैसे काढू शकतो; 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' असेल, तर पहिले नाव असलेल्या आईच्या हयातीत अधिकार तिचाच राहतो. बक्षीसपत्र करावयाचेच असेल, तर सांभाळण्याची अट त्यात स्पष्ट लिहून घ्यावी. ती अट मोडली, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या २३व्या कलमान्वये ते रद्द करवून घेता येते. अशी अट असावीच लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली म्हटले. २०२५ च्या निकालात त्याच न्यायालयाने वृद्धांच्या बाजूने उदार अर्थ लावला खरा, पण म्हातारपणी कोर्टाची पायरी कोणी चढावी?

आणि ज्याने आधीच घेतले, त्याचे काय? सातव्या आज्ञेविरुद्धचे पाप नुसत्या पापनिवेदनाने फिटत नाही. घेतलेले परत करावे लागते. आईच्या खात्यात भरावे. ती निवर्तली असेल, तर भावंडांचे वाटे त्यांना द्यावेत. रक्कम मोठी असल्यास हप्त्यांनी.