पुरलेला तालांत



मत्तयलिखित शुभवर्तमानातील (अध्याय २५) तालांतांचा दाखला आपण अनेकदा ऐकला आहे. तिसऱ्या सेवकाने तालांत जमिनीत पुरून ठेवला. तो चोर नव्हता, उधळ्याही नव्हता. कारण तो स्वतःच सांगतो : धनी कठोर, म्हणून मी भ्यालो. दाखल्यात दोष सेवकालाच लागला. पण आपल्यापैकी जे दुकान, गॅरेज किंवा राईस मिल चालवतात, त्यांनी स्वतःलाही एक प्रश्न विचारावा : माझ्या भीतीने माझा माणूस काही पुरून तर ठेवत नाही ना?

देवरी हे नागपूर-रायपूर महामार्गावरचे गाव. २०१६ ची नोटबंदी, २०१७ चा जीएसटी, मग मोबाईलवरून पैसे देणे, असे एकामागून एक बदल आपल्या बाजारानेही पाहिले. भांडवल नाही म्हणून छोटा धंदा बुडतो, असे आपण म्हणतो. ते खरे आहे, पण अर्धेच. बदलाची चाहूल मालकाच्या आधी नोकराला लागते. गिऱ्हाईक काय मागून परत गेले, हे काउंटरवरच्या मुलाला ठाऊक असते. धान किती ओले, हे हमालाच्या हाताला कळते. पण "तुला काय कळतं? सांगितलं तेवढं कर," हे ज्याने दहा वेळा ऐकले, तो अकराव्या वेळी गप्प बसतो.

१५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातील एका गच्चीवर सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तोच पुढे 'लिज्जत' झाला. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात, काम चार महिने बंद पडले. पुढच्या वर्षी त्यांनी खाट आणि स्टोव्ह घेतला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह! काम चालू राहिले. उपाय साधाच होता. पण तिथे लाटणारीच मालकीण होती. अडचण बोलून दाखवायला तिला कोणाची भीती नव्हती.

कोणी म्हणेल, "सगळ्यांना विचारत बसलो तर निर्णय कोण घेणार?" सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी याचे उत्तर देऊन ठेवले आहे. महत्त्वाच्या प्रसंगी मठाधिपतीने सर्वांना, अगदी धाकट्यालाही, बोलवावे. ऐकून घ्यावे आणि मग निर्णय स्वतः करावा.

ऐकून घेतले म्हणजे धंदा वाढेलच, असे नाही. तरीही ऐकायचे. कामाचे मोल ते करणाऱ्या माणसामुळे असते, हीच शिकवण पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या श्रमविषयक परिपत्रकात दिली. समोरचा नोकर देवाच्या प्रतिरूपात निर्माण झाला आहे, एवढे कारण पुरे.

हे लिहिताना मलाही ओशाळल्यासारखे होते. धर्मग्रामाच्या सभेत एखाद्या तरुणाने काही सुचवले, की "पुढे बघू" हे शब्द माझ्याही तोंडून निघतात.

या आठवड्यात आपल्या हाताखालच्या एका तरी माणसाला विचारू या, "तुम्हाला काय वाटतं?" आणि तो बोलेपर्यंत गप्प राहू या. पुरलेले तालांत वर काढण्याची कृपा प्रभू आपणा सर्वांना देवो.

आपला धर्मगुरू