खजूर रोडवरचे चौघे

२५ डिसेंबर २००९ रोजी असीम चक्रवर्ती हृदयविकाराने गेले, आणि माझ्या मते ‘इंडियन ओशन’ हा बँड त्याच दिवशी संपला. दिल्लीत संगीत ऐकणाऱ्या चार माणसांत हे बोललं की वाद ठरलेला. समोरचा लगेच मोजून दाखवतो: त्यानंतर २०१४ मध्ये ‘तंदानू’ आला, २०२३ मध्ये ‘तू है’ आला, कार्यक्रम चालू राहिले, माणसं येत राहिली. यातलं काहीच खोटं नाही. तरी मी माझं म्हणणं सोडायला तयार नाही. त्यात त्या बँडवर राग नाही. पुढे त्या नावाने वाजवणाऱ्यांना त्यांचं श्रेय मिळायचं असेल, तर पहिला बँड संपला हे आधी कुणीतरी म्हणायला हवं, एवढंच.

१९९० साली दिल्लीत सुस्मित सेन आणि असीम चक्रवर्ती यांनी या बँडची सुरुवात केली. सुस्मित यांची गिटार आणि असीम यांचा तबला व गळा. पुढच्या वर्षी राहुल राम बास गिटार घेऊन आले, १९९४ मध्ये अमित किलम ड्रम्सवर बसला, आणि चौकडी पूर्ण झाली. राहुल राम हे अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातून पर्यावरणविषयक विषविज्ञानात डॉक्टरेट घेऊन परतलेले, आणि नर्मदा बचाओ आंदोलनात काम केलेले. ‘मा रेवा’ हे गाणं त्या खोऱ्यातून आलं. मराठी वाचकाला ते परकं वाटू नये. अक्कलकुवा-अक्राणीच्या डोंगरांना लागून वाहणारी नदी तीच, आणि सरदार सरोवराच्या पाण्यात महाराष्ट्रातलं मणिबेली बुडायला लागलं तेही याच वर्षांत. दिल्लीच्या रॉकला असा पत्ता त्याआधी नव्हता. तोवर इथल्या महाविद्यालयांच्या महोत्सवांत चांगला बँड म्हणजे परदेशी गाणी हुबेहूब वाजवणारा बँड.

पहिली कॅसेट एचएमव्हीने १९९३ मध्ये काढली. पण खरी ओळख झाली ती ‘डेझर्ट रेन’ने, आणि तो अल्बम स्टुडिओत झालेलाच नाही. १ जानेवारी १९८९ रोजी गाझियाबादच्या साहिबाबादेत, झंडापूरच्या कामगार वस्तीत पथनाट्य चालू असताना रंगकर्मी सफदर हाश्मींवर हल्ला झाला आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. त्यांच्या स्मरणार्थ ‘सहमत’ या संस्थेतर्फे दर १ जानेवारीला कार्यक्रम होतो. १९९७ च्या कार्यक्रमात, मंडी हाऊसच्या थंडीत, हे चौघे जे वाजले तेच ध्वनिमुद्रित होऊन अल्बम झालं. मग २००० चा ‘कंदीसा’, २००३ चा ‘झीनी’. ‘ब्लॅक फ्रायडे’चं संगीतही त्यांचंच. मुंबईच्या १९९३ च्या बाँबस्फोटांवरचा तो चित्रपट न्यायालयीन स्थगितीमुळे २००७ पर्यंत अडकून पडला, पण ‘बंदे’ हे गाणं चित्रपटाआधीच घरोघरी पोचलं होतं.

आता जरा थांबून असीम मंचावर काय करत ते पाहू, कारण माझा सगळा मुद्दा तिथे आहे. ते मांडी घालून बसत, समोर तबला आणि भोवती इतर तालवाद्यं, तोंडासमोर माइक. गाणं आणि ताल एकाच माणसाच्या अंगातून येई. तबलजी गायकाच्या मागे जातो किंवा गायक तबलजीची वाट पाहतो, हे आपण बैठकीत नेहमी ऐकतो; त्यातली गंमत त्या दोघांतल्या अंतराची असते. इथे ते अंतरच नव्हतं. सम गाठायची घाई नाही, मागे राहिल्याची भीती नाही. गळा लांबला की हात आपोआप लांबत. त्यामुळे शेजारी बसलेल्या अमित किलमच्या ड्रम्सना वेगळीच मोकळीक मिळे, राहुलच्या बासला खाली रुंद जागा मिळे, आणि सुस्मितची गिटार, जी पाश्चात्त्य रॉकसारखी स्वरांचे गठ्ठे न वाजवता एकेरी स्वरांची वळणं घेत चाले, ती या सगळ्यावरून निवांत फिरून येई. एकाचं वाजवणं दुसऱ्याच्या सवयीवर उभं होतं.

असीम गेल्यावर त्यांच्या जागी दोन माणसं घ्यावी लागली. हिमांशू जोशी गायला आले, तुहीन चक्रवर्ती तबल्यावर. दोघेही गुणी, त्याबद्दल दुमत नाही. पण एकाच्या जागी दोघे बसले की चौघांचा आकृतिबंध पाचांचा होतो, आणि गाणं व ताल यांच्यात पूर्वी नसलेलं ते अंतर परत येतं. मग जे वाजतं ते चांगलं असेल, पण वेगळं असतं.

यावर आपल्याकडचा माणूस नाटक मंडळ्यांचं उदाहरण देईल, आणि ते गैर नाही. किर्लोस्कर मंडळी १८८० ची. अण्णासाहेब १८८५ मध्ये गेले, भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्ये गेले, १९१३ मध्ये बालगंधर्वांनी बाहेर पडून गंधर्व मंडळी उभी केली, १९१८ मध्ये मास्टर दीनानाथही वेगळे झाले. मंडळी मात्र चालत राहिली. प्रत्येक वेळी लोक म्हणाले असतील, आता संपलं. आणि प्रत्येक वेळी ‘सौभद्र’चा पडदा पुन्हा वर गेला. पण तो गेला कारण ‘सौभद्र’ लिहिलेलं होतं. संहिता होती, पदं होती, चाली ठरलेल्या होत्या. सुभद्रा कोणीही व्हावं, नाटक अण्णासाहेबांचंच. घराण्याचंही तसंच: गुरू जातो, पण त्याने शिष्याच्या गळ्यात काही ठेवलेलं असतं.

इंडियन ओशनकडे यातलं काहीच नव्हतं. करोल बागेतल्या १६/३३० खजूर रोड या जुन्या घरात ही माणसं वर्षानुवर्षं बसून वाजवत, आणि वाजवता वाजवता गाणं आकाराला येई. चाल कोणाची म्हणून विचारलं तर उत्तर बँडचं नाव. संहिता म्हणजे ते चौघे एका खोलीत असणं. शिष्य कोणीच नव्हता, कारण शिकवण्यासारखं असं काही कोणा एकापाशी नव्हतंच. म्हणून त्यातला एक गेला की एक चतुर्थांश जात नाही.

एक माणूस गेल्यावर पुढे वाजवायचं की थांबायचं, या प्रश्नाची १९८० या एकाच वर्षात जगातल्या दोन मोठ्या बँडांनी उलटसुलट उत्तरं दिली. फेब्रुवारीत एसी/डीसीचा गायक बॉन स्कॉट वारला. त्यांनी नवा गायक घेतला आणि जुलैत ‘बॅक इन ब्लॅक’ काढला. सप्टेंबरात लेड झेपेलिनचा ड्रमर जॉन बोनम वारला. डिसेंबरात उरलेल्या तिघांनी जाहीर निवेदन काढून थांबत असल्याचं सांगितलं. मला दोन्ही निर्णय योग्य वाटतात. एसी/डीसीची रचना अशी होती की गायकाची जागा रिकामी होऊन भरता येई. झेपेलिनची तशी नव्हती. दोघांनीही आपण काय आहोत हे ओळखलं आणि बोलून दाखवलं.

आपल्याकडे बोलून दाखवलं जात नाही, आणि त्यामागे पोटाचा प्रश्न आहे. भारतात रॉक बँडला अल्बमच्या विक्रीवर जगता आलं नाही. जगवलं ते कार्यक्रमांनी. महाविद्यालयांचे महोत्सव, कंपन्यांचे वार्षिक सोहळे, गुरुग्राम-नोएडातले मंच. आयोजक नावाला पैसे देतो, आणि ते नाव कमवायला या माणसांनी आपलं तारुण्य घातलेलं असतं. राहुल आणि अमितने नाव टाकून द्यावं असं म्हणायचा मला काय अधिकार? दिल्लीच्याच ‘परिक्रमा’चं पाहा. १९९१ पासूनचा बँड, गाणी लोकांना फुकट देणारा, सगळी मदार मंचावर. १४ फेब्रुवारी २०२० ला त्यांचे गिटारवादक सोनम शेर्पा गेले, आणि परिक्रमा पुढे वाजत राहिला. थांबणं ही चैन ज्यांना परवडते त्यांनाच परवडते.

शेवट झाकला जाण्याला आणखी एक विलक्षण कारण घडलं. ‘१६/३३० खजूर रोड’ हा अल्बम असीम यांच्या हयातीत मुद्रित झाला होता. २०१० मध्ये बँडने तो महिन्याला एक गाणं असा, मोफत, लोकांच्या हाती द्यायला सुरुवात केली. म्हणजे दर महिन्याला असीम यांचा नवा आवाज येत होता आणि मंचावर त्यांच्या जागी हिमांशू गात होते. शोक करायला फुरसतच मिळाली नाही. २०१३ मध्ये सुस्मित सेनही बाहेर पडले, निखिल राव गिटारवर आले, आणि ज्यांनी बँड सुरू केला त्या दोघांपैकी कोणीच उरलं नाही. तेव्हाही चर्चा झाली ती गिटारवादक बदलल्याची.

याचा तोटा कोणाला झाला? मला वाटतं, नंतरच्यांना. ‘तंदानू’मध्ये शुभा मुद्गल, विश्वमोहन भट्ट, शंकर महादेवन असे पाहुणे प्रत्येक गाण्यात आहेत. दुसऱ्या एखाद्या बँडचा पहिला अल्बम म्हणून तो ऐकला असता, तर नव्या पाचांनी घर मांडल्याबरोबर शेजाऱ्यांना बोलावलंय, हे त्यातलं धाडस दिसलं असतं. आपण तो जुन्या बँडचा उतार म्हणून ऐकला. ‘तू है’ला नऊ वर्षं लागली याबद्दल कुरकुर केली, पण त्या नऊ वर्षांत प्रत्येक कार्यक्रमात ‘कंदीसा’ आणि ‘मा रेवा’चीच फर्माईश आपण करत होतो. जुनं मागणाऱ्या गर्दीपुढे नवं रचायला कुठून वेळ मिळणार? या बाबतीत श्रोत्यांचा दोष मला बँडपेक्षा मोठा दिसतो.

सुस्मित, असीम, राहुल आणि अमित हे चौघे एकत्र वाजले १५ वर्षं. ‘तू है’ आला तेव्हा हिमांशू आणि तुहीन यांना बँडमध्ये १३ वर्षं झाली होती, निखिलला १०. दिल्लीत अजूनही त्यांना ‘नवी मुलं’ म्हणतात.