ऐकीव पातक

जपानातल्या एका भुंगेऱ्याविषयी वाचल्यापासून मी अस्वस्थ आहे. प्राणी ऐटबाज. मिशा अंगापेक्षा लांब, नराच्या तर दुपटीहून अधिक. याच्या उलट तिथला काळा पाईन. सुईसारखी पानं, बारमाही हिरवा, जागचा न हलणारा. नवीन वर्षाला दारात त्याच्या फांद्या उभ्या करतात, नो नाटकाच्या रंगमंचामागे चित्रही त्याचंच. एक उंडगा, दुसरा खानदानी.

दोघांचं तसं बरं चाललं होतं. भुंगेऱ्याची मादी मरायला टेकलेलं झाड पाहून सालीत अंडी घालायची, एवढंच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उत्तर अमेरिकेतून, बहुधा ओंडक्यांबरोबर, मिलिमीटरभर लांबीचा एक सूत्रकृमी आला. तिथल्या पाईनना त्याची सवय होती, जपानातल्यांना नव्हती. हे कृमी भुंगेऱ्याच्या श्वासनलिकांत हजारोंनी बसून हिंडतात. भुंगेरा कोवळी डहाळी कुरतडतो, कृमी त्या जखमेतून आत शिरतात, झाडाचं पाणी तुटतं आणि हिरवागार पाईन तांबडा होऊन उभ्या उभ्या वाळतो. १९०५ साली नागासाकीत झाडं मरत असल्याची नोंद झाली. खरा मारेकरी सिद्ध झाला १९७१ साली.

आता भुंगेऱ्याला शिक्षा काय करायची? तो म्हणेल, "मी चार घास खाल्ले. आत कोण बसलंय, मला काय ठाऊक?" मी त्याला तिथल्या तिथे निर्दोष सोडणार होतो.

पण तीसेक वर्षांपूर्वी आमच्या वाड्यातल्या एका मुलाची चौकशी करायला मुलीचे वडील आमच्याकडे आले होते. पोहे खाता खाता मी म्हणालो, "मुलगा उत्तम. जरा तापट आहे म्हणतात, एवढंच." कोण म्हणतात? वाचनालयात कुणीतरी म्हणालं होतं. स्थळ फिसकटलं. "मी आपलं ऐकलं ते सांगितलं," असं मी हिला म्हणालो. ही म्हणाली, "मग ऐकलं तिथेच ठेवून यायचं!"

भुंगेऱ्याचा निदान प्रपंच चालतो. त्या मरत्या पाईनातच त्याची पोरं वाढतात. मला काय मिळालं? आपल्याला चार आतल्या गोष्टी कळतात, हे सुख. खोटं कशाला बोलू, पोह्यांपेक्षा ते चविष्ट लागलं होतं.

त्या मुलाचं लग्न पुढे झालंच नाही. आता केस पिकलेत त्याचे. परवा बसमध्ये "काका, बसा" म्हणून उठून उभा राहिला. इतक्या वर्षांत त्याला कुणावर आवाज चढवताना मी पाहिलेलं नाही. माझ्यावरही नाही. अर्थात, त्याला काही ठाऊकच नाही.