विकलेल्या मोटारीचे ऋण

पन्नाशी उलटलेले चार सुशिक्षित गृहस्थ एकत्र बसले, म्हणजे संभाषण बहुधा प्रकृतीवरून मुलांच्या परदेशगमनावर आणि तेथून, कोणी न सुचविताही, विकून टाकलेल्या मोटारीवर येते. आज दारात उभ्या असलेल्या गाडीविषयी कोणी फारसे बोलत नाही. पण जी फियाट किंवा अँबॅसडर पंचवीस-तीस वर्षांपूर्वी दुसऱ्याच्या हवाली केली, तिचा रंग, तिचा क्रमांक, थंडीच्या सकाळी चोक ओढल्यावर होणारी तिची घरघर, हे सारे प्रत्येकास तोंडपाठ असते. एका निर्जीव यंत्राविषयीची ही हळहळ म्हणजे केवळ उतारवयाची चाहूल, की तिच्या बुडाशी काही नैतिक सत्यही आहे, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे असे आम्हांस वाटते.

या हळहळीस परिस्थितीचे एक कारण आहे, ते प्रथम सांगितले पाहिजे. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि पुढे तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून इटलीच्या फियाट कंपनीच्या नमुन्याची गाडी बाहेर पडू लागली. तीच नंतर 'पद्मिनी' या नावाने प्रसिद्ध झाली. तिकडे कलकत्त्याजवळ उत्तरपाडा येथे इंग्लंडातील मॉरिस ऑक्सफर्डच्या धर्तीवर अँबॅसडर तयार होत असे. 1983 च्या डिसेंबरात मारुती 800 अवतरेपर्यंत मध्यम वर्गापुढे याहून फारशी निवड नव्हती, आणि नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. अशा रीतीने मिळालेली गाडी पंधरा-वीस वर्षे टिकविणे प्राप्तच होते. म्हणून मालकाला प्लग साफ करता येत, पॉइंट घासता येत, घाटात रेडिएटर तापला असता कोठे थांबावे हे कळत असे. आजच्या गाडीचा मालक तिचा केवळ उपभोक्ता असतो; त्या काळचा मालक थोडाबहुत तिचा सेवकही होता. ज्याची आपण सेवा केली त्याची आठवण राहते, हा मनुष्यस्वभावच आहे.

तथापि स्वभाव म्हणजे कर्तव्य नव्हे. कोणी म्हणेल की, यंत्राने काम दिले, त्याची किंमत आपण दिली, काम संपताच ते विकले. येथे ऋणाचा संबंध कोठे आला? या पक्षाचा एक थोर पुरस्कर्ता प्राचीन रोममध्ये होऊन गेला. थोरल्या कॅटोने शेतीविषयक आपल्या ग्रंथात घरमालकाने काय काय विकून टाकावे याची यादी दिली आहे. तीत म्हातारे बैल आहेत, जुनी गाडी आहे, जुनी अवजारे आहेत, आणि त्याच ओळीत म्हातारा गुलामही आहे. या शेवटच्या नोंदीने प्लुटार्क व्यथित झाला. कॅटोच्या चरित्रात त्याने अथेन्सच्या एका खेचराची कथा सांगितली आहे: मोठ्या मंदिराच्या बांधकामावर राबलेली खेचरे मोकळी सोडली असता त्यांपैकी एक आपण होऊन परत येई आणि ओझे वाहणाऱ्यांच्या पुढे चालू लागे, तेव्हा नगराने त्याला मरेपर्यंत सार्वजनिक खर्चाने पोसण्याचे ठरविले. परंतु हाच प्लुटार्क असेही म्हणतो की, सजीवांना झिजलेल्या जोड्यांप्रमाणे वा भांड्यांप्रमाणे टाकून देऊ नये. म्हणजे जोडे आणि भांडी टाकण्यास त्याची हरकत नाही! त्याच्या न्यायाने बैल वाचला, गुलाम वाचला. जुनी गाडी मात्र कॅटोच्याच यादीत राहिली.

आम्हांस वाटते, हा निर्णय मूलतः बरोबर आहे. मोटारीस वेदना नाही, म्हणून तिच्यावर अन्यायही होऊ शकत नाही. पण प्लुटार्कने दयेचे आणखी एक कारण दिले आहे, ते येथे उपयोगी पडते. मुक्या प्राण्यांशी दयेने वागल्यास माणसांशी दयेने वागण्याचा सराव होतो, असा त्याचा आशय आहे. हा सराव वस्तूंच्या बाबतीतही घडतो. दसऱ्याला आपण हत्यारांना, यंत्रांना, गाड्यांना झेंडूची माळ घालतो, ती त्या लोखंडास कळते म्हणून नव्हे. उपकार स्मरण्याची सवय आपल्याला लागावी म्हणून.

मात्र प्रत्येक हळहळ कृतज्ञतेचीच असते असे नाही. "आज ती असती तर केवढी किंमत आली असती!" या उद्गारात गाडीची आठवण नाही, हुकलेल्या नफ्याची आहे. "ती पुढे कोणाकडे गेली, चालली का?" असे जो विचारतो, त्याचे प्रेम खरे. पहिल्याला वस्तू परत हवी असते. दुसऱ्याला ती कामास यावी एवढेच हवे असते.

यावरून विकण्याचा धर्मही ठरतो. आमच्या वडिलांनी 1994 साली आपली फियाट एका मेकॅनिकला विकली. ते रोख पैसे घरातील एका शस्त्रक्रियेसाठी हवे होते. तरीही, दुसरा गिअर निसटतो, मागच्या बाजूस पत्रा आतून गंजला आहे, हे त्यांनी न विचारता सांगितले आणि त्यापायी किंमत उतरली तेव्हा ती मुकाट्याने मान्य केली. गाडीचे ऋण गाडीला फेडता येत नाही. ते तिच्या पुढच्या मालकाशी खरे बोलून फेडावे लागते. त्या गृहस्थाने ती पुढे कितीतरी वर्षे चालविली.

ठेवून दिलेली वस्तूच सुखी असते, असेही आम्ही मानीत नाही. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना 2021 च्या केंद्रीय नियमांनी वेगळी नोंदणी दिली, परंतु नित्याच्या वापरास त्या रस्त्यावर आणता येत नाहीत. उलट मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी अनोळखी उतारूंना वाहत झिजल्या. त्यांतील शेवटची 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदविली गेली होती. टॅक्सीस वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे 2023 च्या ऑक्टोबरअखेर ती निवृत्त झाली. लोकांना वाईट वाटले, ते योग्यच होते. पण जुन्या इंजिनाचा धूर ज्या मुलांच्या फुप्फुसांत जातो, त्यांचा हक्क आपल्या आठवणींहून मोठा आहे, हेही तितकेच खरे.

तेव्हा हळहळ वाटत असेल तर वाटू द्यावी. तिची लाज बाळगण्याचे कारण नाही. फक्त ती गेलेल्या मोटारीभोवतीच घुटमळत न राहता, आज आपल्या हाताखाली जे झिजत आहे, मग ते यंत्र असो, जनावर असो वा घरी राबणारे माणूस असो, त्याच्याकडे वळली पाहिजे. कॅटोच्या यादीतील शेवटची दोन नावे अजून पुरती पुसली गेलेली नाहीत.