कृतज्ञता आणि करारनामा

उपकाराची फेड किती दिवस करावयाची, आणि ती पुरी झाली हे कोणी ठरवावयाचे? शास्त्रकारांनी देवऋण, ऋषिऋण, पितृऋण सांगितले आणि त्यांतून मुक्त होण्याचे मार्गही सांगून ठेवले. पण ज्याने हात देऊन आपल्याला वर आणले, त्याच्या ऋणाची मुदत कोठेच लिहिलेली नाही. हा जुनाच प्रश्न मला नव्याने भेटला तो परक्या मुलखातील एका गायकजोडीच्या चरित्रात. पोर्टर वॅगनर आणि डॉली पार्टन ही ती जोडी.

अमेरिकेच्या दक्षिण भागातील खेड्यापाड्यांतून वर आलेल्या गाण्याला 'कंट्री' म्हणतात. टेनेसी राज्यातील नॅशव्हिल ही त्याची पेठ. पोर्टर तेथील नावाजलेला गायक, स्वतःच्या नावाचा दूरचित्रवाणी कार्यक्रम चालविणारा. १९६७ साली त्याच्या कार्यक्रमातील नॉर्मा जीन ही लोकप्रिय गायिका निघून गेली आणि तिच्या जागी त्याने एकवीस वर्षांच्या डॉलीला आणले. बारा भावंडांच्या गरीब घरातील ही मुलगी. प्रारंभी प्रेक्षक 'नॉर्मा जीनच हवी' म्हणून ओरडत. तेव्हा पोर्टर तिच्याबरोबर युगुलगीते गाऊ लागला. म्हणजे आपल्या आवाजाच्या आधाराने तिचा आवाज त्याने लोकांच्या कानी घातला. ध्वनिमुद्रण कंपनी तिला घेण्यास कचरत होती, त्या वेळी 'नुकसान आल्यास माझ्या रॉयल्टीतून कापून घ्या' असे तो म्हणाला, असे सांगतात.

जोडी जमली. पहिलेच युगुलगीत पहिल्या दहांत गेले. १९७० आणि १९७१ अशी लागोपाठ दोन वर्षे कंट्री म्युझिक असोसिएशनचा जोडगायनाचा पुरस्कार त्यांना मिळाला. १९६८ ते १९७५ या अवधीत बारा ध्वनिमुद्रिका निघाल्या. मात्र डॉली स्वतः गीते रचणारी होती आणि तिची एकटीची गाणी जोडीच्या पुढे जाऊ लागली होती. पाच वर्षे राहण्याचा तिचा शब्द होता; ती सात वर्षे राहिली. निघण्याचा विषय काढला की वाद होई. अखेर तिने निरोपाचे गाणे रचून त्याला ऐकविले, तो रडला आणि जा म्हणाला, ही आठवण तिने वारंवार सांगितली आहे. ते गाणे 'आय विल ऑलवेज लव्ह यू'. १९७४ मध्ये ते कंट्री गीतांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. गंमत अशी की, या जोडीचे पहिल्या क्रमांकावर पोहोचलेले एकमेव युगुलगीतही त्याच वर्षीचे, विभक्त होतानाचे.

१९७९ मध्ये पोर्टरने करारभंगाबद्दल तिच्यावर तीस लाख डॉलरचा दावा लावला. पुढे न्यायालयाबाहेर तडजोड झाली आणि १९८० मध्ये जोडीची शेवटची ध्वनिमुद्रिका निघाली.

सरकारी नोकरीत करारनाम्यांच्या फायली पाहण्यात माझी अनेक वर्षे गेली. त्यामुळे 'गायिका बिचारी, गायक लोभी' असा सोपा निकाल मला देववत नाही. पोर्टरचे नुकसान खरे होते. वडिलोपार्जित वाड्याची वाटणी होते, अंगणातील विहिरीची करता येत नाही. युगुलगीत त्या विहिरीसारखे. डॉलीला पुढे केनी रॉजर्ससारखा जोडीदार मिळाला आणि १९८३ मध्ये त्यांचे गाणे देशभर गाजले. पोर्टरला तशी दुसरी डॉली मिळाली नाही. त्याची चूक निराळी होती. आपण दिलेल्या आधाराचे मोल त्याने तिच्या पुढील कमाईत मोजावयास घेतले, आणि ज्या क्षणी आकडा लिहिला त्या क्षणी उपकाराचे कर्ज झाले. कर्ज फिटते, फिटल्यावर घेणेकऱ्याच्या दारी पुन्हा जाण्याचे कारण उरत नाही.

तरीही डॉली गेली. मे २००७ मध्ये ग्रँड ओल ऑप्री या नॅशव्हिलच्या प्रसिद्ध रंगमंचावर पोर्टरच्या तेथील पन्नास वर्षांचा सत्कार झाला, तेव्हा तिने तेच निरोपाचे गाणे त्याच्या समोर गायिले. त्याच वर्षी ऑक्टोबरात तो वारला. अखेरच्या दिवशी ती त्याच्या अंथरुणाजवळ जाऊन आली होती.