परक्याची ठेव

मागल्या चातुर्मासात एका गावी कीर्तन आटोपले. आरती झाली, मंडळी पांगली, आणि एक माळकरी शेतकरी मागे राहिला. पाया पडून म्हणाला, "महाराज, पोरगी बारावी झाली. नर्सिंगला जाते म्हणते. कांद्याचे दोन पैसे गाठीला आहेत. ते तिच्या शिकण्यात घालू, का लग्नाला ठेवू? लोक म्हणतात, शेजाऱ्याच्या झाडाला पाणी कशाला घालतोस?"

सज्जनहो, प्रश्न पैशाचा दिसतो, पण आहे धर्माचा. म्हणून शास्त्ररीतीने आधी पूर्वपक्ष मांडू.

पूर्वपक्ष असा की, कन्या हे परक्याचे धन. तिच्यावर खर्च केला तर फळ सासरी जाणार. मुलगा म्हातारपणी भाकर घालील, सबब त्याला शिकवावे. या म्हणण्याला थोर आधारही काढून दाखवतात. कालिदासाच्या शाकुंतलात, चौथ्या अंकाच्या शेवटी, शकुंतलेची पाठवणी झाल्यावर कण्वमुनी कन्येला परकीय धनच म्हणतात. कोणाची ठेव परत केल्यावर वाटावे तसे मन हलके झाले, असेही सांगतात.

ठीक. आता ठेव म्हणजे काय, ते पाहू. शेजारीण काशीला जाताना दागिने तुमच्या हवाली करून गेली, तर 'परक्याचे आहेत' म्हणून ते उकिरड्यावर टाकाल काय? अहो, उलट उशाशी घेऊन निजाल! आपले बुडाले तर नुकसान, ठेव बुडवली तर पाप. तेव्हा 'परक्याचे धन' या शब्दातून हयगय करण्याची मुभा निघत नाही, जबाबदारी मात्र दुप्पट होते.

आणि कण्वांच्या आश्रमातली ती मुलगी कशी वाढली होती? तिसऱ्या अंकात ती स्वतः रचलेले पद्य कमळाच्या पानावर नखांनी लिहिते. लिहिता येत होते म्हणूनच ना? पुढे पाचव्या अंकात राजा ओळख नाकारतो, तेव्हा बाप जवळ नाही. तिथे ती राजाच्या तोंडावर त्याला खडसावते. अंगठीसारखे जिन्नस वाटेत हरवू शकतात. आत मुरलेली वाणी हरवत नाही.

आपल्या संप्रदायात तर मुक्ताबाई चांगदेवांच्या गुरू. चौदाशे वर्षे जगला म्हणतात तो योगी एका लहान मुलीपुढे नमला, हे आपण टाळ वाजवून सांगतो. कोणी म्हणेल, "त्या कुठे शाळेत गेल्या होत्या?" बरोबर. पण स्त्रीला वेदाचे दार बंद आहे, ही खंत संत बहिणाबाईंनी स्वतःच अभंगात मांडली आहे. दार बंद असून त्या पोचल्या, हा त्यांचा मोठेपणा. म्हणून दार बंदच ठेवावे, हा आपला खोटेपणा.

हे मी दुसऱ्याला सांगतो आहे, पण माझे हात स्वच्छ नाहीत. घरी मी मुलांना अमरकोश शिकवीत असे. माझी मुलगी उंबऱ्याशी तांदूळ निवडीत बसे, आणि एखादा मुलगा अडला की पुढचा चरण तीच म्हणे. मी कौतुकाने हसलो; पाटावर मात्र कधी बसवली नाही. दहावीनंतर शाळा सोडविली, लग्न थाटात केले. मांडव दोन दिवसांत उतरला. तिने मला कधी बोल लावला नाही, आणि तेच अधिक लागते.

पुण्यात भिडेवाड्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली १८४८ साली. २००९ च्या कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलामुलीला मोफत शिक्षणाचा हक्क दिला. म्हणजे बापाची खरी कसोटी चौदाव्या वर्षानंतर लागते. तिथेच आपण घसरतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा सुमारे २२ जणींचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. संतांच्या भूमीत, बरे का!

राहिला फळाचा प्रश्न. शिकलेली मुलगी मिळवती होते, अडल्या वेळी माहेरालाही हात देते, हे खरे. पण समजा, तिने एक पैसाही मिळवला नाही. मग खर्च वाया गेला काय? व्याज येईल म्हणून शिकवणे ही सावकारी झाली. ठेवीवर व्याज मागत नाहीत, ती परत करतात. आणि परत कोणाला करायची? कण्व म्हणतात, पतीला. इथे मात्र मी मुनींचे पाय धरून वेगळे म्हणतो: या ठेवीची मालकीण ती मुलगी स्वतःच. भगवंताने तिची बुद्धी तिच्यासाठी दिली; आपण अठरा-वीस वर्षांचे राखणदार.

त्या शेतकऱ्याला एवढेच म्हणालो, "बाबा, मांडव लहान घाल. फी भर." तो काही बोलला नाही, टोपी सारखी करून अंधारात निघून गेला. त्याने काय केले, पांडुरंग जाणे. तुमच्या घरी काय करायचे, ते मात्र तुमच्या हाती आहे.